फुफ्फुसातली सरळ रेघ

स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या बाईचा वर्षभरानंतरचा सीटी स्कॅन पाहिला, तर कधीकधी त्या बाजूच्या फुफ्फुसात छातीच्या भिंतीलगत पांढुरका पट्टा दिसतो. त्याची आतली कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. न्यूमोनिया किंवा क्षयाचे डाग असे नसतात. ही किरणांच्या झोताची कड आहे. झोत कुठवर पोचला होता, ते तिथे उमटून राहिलेलं असतं.

आपल्याकडे किरणोपचाराला ‘शेक घेणं’ म्हणतात. शब्द फसवा आहे. शेकाचा चटका लगेच कळतो. इथे यंत्राखाली झोपलेल्याला काहीच जाणवत नाही. किरण पेशींमधला डीएनए तोडतात, पण जखमी पेशी बहुधा मरते ती पुढे विभाजनाच्या वेळी. वायुकोशांच्या अस्तरातल्या पेशी सावकाश विभागतात, म्हणून हिशेब उशिरा समोर येतो.

उशिरा म्हणजे साधारण एक ते सहा महिन्यांनी. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, कधी बारीक ताप. तोवर उपचार संपलेले, घरचे निर्धास्त झालेले. मग जवळच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू होतं आणि गुण येत नाही. गळ्याजवळच्या गाठींनाही किरण दिले असतील तर सावली फुफ्फुसाच्या शेंड्याला पडते, आणि शेंडा ही क्षयाची आवडती जागा. आपल्या देशात संशय तिकडेच जाणार, आणि त्यात गैर काही नाही. थुंकी तपासायलाच हवी. फक्त किरणोपचार कधी संपले ती तारीख डॉक्टरांना आधी सांगावी. हा त्रास म्हणजे किरणांमुळे फुफ्फुसाला आलेली सूजच ठरली आणि त्रास बराच असेल, तर स्टेरॉइड देतात आणि मात्रा कित्येक आठवडे हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या, तर खोकला परतू शकतो.

पुढचा टप्पा सहा महिन्यांनंतरचा. दुरुस्तीला आलेल्या पेशी कोलॅजनचे धागे विणत सुटतात. बनियन जाड दोऱ्याने रफू करावं तसं: भोक बुजतं, पण तेवढा भाग ताणला जात नाही. हा फायब्रोसिस सहसा वर्ष-दोन वर्षांत स्थिरावतो, पण मागे फिरत नाही.

तरीही पुष्कळांना त्याचा पत्ताही लागत नाही. मज्जारज्जू एका ठिकाणी तुटला की खालचं सगळं बंद पडतं. फुफ्फुसाचं तसं नाही. कोट्यवधी वायुकोश आपापलं काम करतात, थोडे गेले तर बाकीचे भार उचलतात. म्हणून फुफ्फुसाच्या गाठीला 30 बैठकांत 60 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) दिले जातात, तेव्हा निरोगी फुफ्फुसाचा किती भाग 20 ग्रेच्या वर जातो हे मोजतात, आणि तो साधारण 35 टक्क्यांच्या आत ठेवतात.

डाव्या स्तनाच्या उपचारात आणखी एक साधी युक्ती आहे. बाईने खोल श्वास घेऊन सुमारे वीस सेकंद धरायचा. हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं, झोत तेवढ्यातच सोडतात, मग माइकवरून आवाज येतो, ‘सोडा श्वास.’

नव्या यंत्रांत किरण अनेक दिशांनी येतात, त्यामुळे ती रेघ आता नेहमी सरळ नसते. कधी व्रण गोळ्यासारखा दिसतो आणि गाठ परत आली की काय, अशी शंका येते. तेव्हा उपयोगी पडतात ते आधीचे स्कॅन. ती पाकिटं माळ्यावर फेकू नका.