पार्श्वभूमी: ठेव नसलेला वृद्धाश्रम आणि दुरुस्तीचा पैसा

अंधेरीला महाकाली रोडवर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या कॅथलिक धर्मभगिनींचा वृद्धाश्रम आहे. भारतात ही संस्था 1882 साली कोलकात्याला आली, 1900 मध्ये बंगळूरला. इतक्या जुन्या संस्थेने एव्हाना भक्कम ठेव करून व्याजावर का भागवू नये, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर 1865 सालच्या एका निर्णयात आहे, आणि तो निर्णय कळायला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जावं लागतं.

1839 च्या हिवाळ्यात सें-सर्व्हाँ या बंदराच्या गावी, पुढे ही संस्था जिच्यामुळे उभी राहिली त्या झान ज्युगां या 47 वर्षांच्या मोलकरणीने एका आंधळ्या, अर्धांगवायू झालेल्या विधवेला घरी आणलं, तिला स्वतःची खाट दिली आणि आपण माळ्यावर झोपू लागली. 1841 मध्ये एक जुना दारूचा गुत्ता भाड्याने घेतला. तिथे 12 म्हाताऱ्या राहू लागल्या. पुढच्याच वर्षी कर्ज काढून एका जुन्या मठाची इमारत घेतली. सूत कातून आणि धुणी धुऊन मिळणाऱ्या मजुरीत एवढा पसारा चालणं शक्यच नव्हतं.

मग टोपली आली. झानने प्रत्येक म्हातारीला विचारलं, "तू आजवर कुणाकुणाच्या दारी जायचीस?" ती घरं लक्षात ठेवून झान म्हातारीच्या वतीने स्वतः जाऊ लागली. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याच्याशी या पद्धतीचं नातं सहज कळेल: घर ओळखीचं, देण्याची सवय आधीपासूनची, फक्त मागणारं माणूस बदललं. शिळा पाव, उरलेलं अन्न, जुने कपडे, नाणी, जे मिळेल ते टोपलीत पडायचं. पुढे पॅरिसमध्ये भगिनी कॅफेंमधून कॉफीचा वापरलेला चोथासुद्धा गोळा करत आणि आश्रमात पुन्हा उकळत. एकाने झानच्या थोबाडीत मारली तेव्हा ती म्हणाली, "हे मला झालं, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या."

1843 मध्ये तिची प्रमुखपदी झालेली निवड संस्थेच्या धर्मगुरूने रद्द केली. पद गेलं, तरी मागायला जाण्याचं काम तिच्याकडेच राहिलं. हा अन्याय होता, आणि पैशाचा भार मात्र सगळा तिच्यावर. 1845 मध्ये फ्रेंच अकादमीने तिला 3000 फ्रँकचं माँतियाँ पारितोषिक दिलं. त्या रकमेपेक्षा समारंभात तिच्या कामावर झालेलं छापील भाषण जास्त उपयोगी पडलं. नव्या गावात अनोळखी दारात ते दाखवलं की बाई खरी की भोंदू, हा प्रश्न मिटायचा. आजच्या भाषेत ते लेखापरीक्षित ताळेबंदाचं काम करत होतं.

1865 मध्ये एका मृत्युपत्रातून कायमचं वार्षिक उत्पन्न चालून आलं, तेव्हा बाजूला सारलेल्या झानचाही सल्ला घेतला गेला. तिने नको सांगितलं. त्यानंतर संस्थेने ठरवलं की राहायची घरं आपली असू शकतात, पण कायमचं ठरलेलं उत्पन्न घ्यायचं नाही. यांचं भागतंय असं एकदा लोकांना वाटलं की दार उघडायचं थांबतं, ही त्यामागची धास्ती होती. ती खरीच आहे.

पण टोपलीने रोजचं जेवण चालतं, छप्पर बदलत नाही. तांदूळ, डाळ, साड्या, चादरी देणारे भेटतात. मैलापाण्याची पाइपलाइन किंवा जळकी वायरिंग यासाठी देणारा विरळा, कारण त्यावर नावाची पाटी लागत नाही. म्हणून अशा कुठल्याही आश्रमाने इमारत निधी वेगळा मागावा, वेगळ्या हिशेबात ठेवावा, आणि कामाचे तुकडे करून मागावा: एका संडासाचे कठडे, एका खोलीचं वायरिंग, 1:12 उताराचा (1 उंचीला 12 लांबी) एक रॅम्प. रॅम्पचं गणित देणगीदाराला आधीच समजावून सांगावं. दारात 45 सेंटिमीटरची पायरी असेल तर उतार 5.4 मीटर लांब लागतो, शिवाय वर-खाली सपाट जागा. जागा कमी म्हणून उतार चढा केला की व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे हात सुटतात.

सर्वात जास्त फसतं ते वेळापत्रक. देणग्या नाताळात आणि मार्चअखेर येतात. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसाही बऱ्याचदा वर्ष संपताना हलतो (कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वृद्धाश्रम आहेत, पण असा पैसा घ्यायला संस्थेकडे सीएसआर-1 नोंदणी हवी). गळती मात्र जूनमध्ये दिसते. पावसात काढलेलं अंदाजपत्रक फेब्रुवारीत दाखवलं तर दर बदललेले असतात आणि मंजूर रक्कम अपुरी पडते. पावसाळा सरताच अभियंत्याकडून गळक्या जागा खुणा करून घ्याव्यात, दिवाळीनंतर नवे दर मागवावेत, आणि एप्रिल-मे कामासाठी मोकळे ठेवावेत. अंदाजात पर्यायी खोल्यांचा खर्चही धरावा. स्लॅब उकरताना खाटेवरच्या आजीला कुठे हलवायचं, हे कंत्राटदाराच्या कागदात नसतं.

पावत्यांचंही तसंच. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सूट मिळत नाही, हे आधी न सांगितल्याने चांगला देणगीदार दुरावतो. परदेशी नागरिक असलेल्या नातलगांचा पैसा थेट स्थानिक खात्यात घेता येत नाही: एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, त्यामुळे ज्या आश्रमाचं छप्पर आहे त्याच्याच संस्थेच्या नावे नोंदणी असायला हवी.