स्वयंसेवक येतात, टिकत का नाहीत? बेळगावची जुनी पार्श्वभूमी

सीमाभागात संस्था चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली: शिबिराच्या दिवशी पन्नास पोरं, पुढच्या महिन्यात पाचही नाहीत. खापर फुटतं मोबाइलवर. पण हा पेच मोबाइलच्या फार आधीचा आहे.

१९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगातला जाच सोसेना म्हणून अनेकांनी माफी लिहून दिली. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हुबळी सेवा मंडळाची तुकडी मात्र टिकली. नुसत्या उत्साहावर भागत नाही, माणसं आधी तयार करावी लागतात, हे त्यातून दिसलं आणि त्याच वर्षी काकीनाड्याला हिंदुस्थानी सेवा दल, म्हणजे काँग्रेसचं स्वयंसेवक दल, उभं राहिलं.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. स्वागताची धुरा गंगाधरराव देशपांड्यांकडे, स्वयंसेवक हर्डीकरांकडे. टिळकवाडीच्या बाजूला अधिवेशनाची छावणी, 'विजयनगर', वसली, पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही तिथे आहे. स्त्रियांची फळी उमाबाई कुंदापूर यांनी उभी केली. मला सगळ्यात मोलाची वाटते ती सफाईची व्यवस्था. ती होती काका कालेलकरांकडे, म्हणजे आपल्या बेळगुंदीच्या घराण्यातल्या माणसाकडे. जे काम कुणी मागून घेत नाही, ते नावाजलेल्या माणसाने अंगावर घेतलं की हाताखालची पोरं नाकं मुरडत नाहीत. आपल्याकडे उलटं: अध्यक्ष व्यासपीठावर, नवा पोरगा सतरंज्या उचलायला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथल्या मराठी कार्यकर्त्याची घडण सीमालढ्यात झाली. मोर्चा, १ नोव्हेंबरचा काळा दिन, हुतात्म्यांना अभिवादन. हाक आली की गल्लीच्या गल्ली उठते. गणेश मंडळांचंही तेच. ही ताकद खरी, पण ती त्या-त्या दिवसाची. दर शनिवारी अभ्यासिका उघडायला किंवा रुग्णाला दवाखान्यात न्यायला वेगळी सवय लागते.

१९६९ मध्ये कॉलेजच्या पोरांसाठी राष्ट्रीय सेवा योजना आली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. तास भरले, प्रमाणपत्र मिळालं, पोरगं पुण्याला.

त्यात इथे भाषेचा हिशेब वेगळाच. खानापूरच्या बऱ्याच गावांत मराठीवर निभतं, गोकाककडे कन्नडशिवाय पान हलत नाही. तिकडे आरोग्य शिबिराला जोडी पाठवायची तर आधी विचारावं लागतं, 'कन्नड येतं का रे?' मोठ्या शहरांतल्या छापील स्वयंसेवक-अर्जांत हा रकाना बहुधा नसतोच.