वाकड्या नाकाची शस्त्रक्रिया : परिणामांचे मोजमाप

वाकडे नाक सरळ करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे सेप्टोऱ्हायनोप्लास्टी, कितपत साधली हे ठरवताना श्वास आणि रूप ही दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात. नाक बाहेरून सरळ दिसत असले तरी एक नाकपुडी बंदच राहिलेली असू शकते. उलट, श्वास मोकळा झालेला माणूस आरशात पाहून नाराजही असतो. तालमीतला मार, मोटारसायकलवरून पडणे, लहानपणची इजा ही कारणे सगळीकडे सारखीच, पण कुस्तीचा नाद असलेल्या बेळगाव-खानापूर भागात तालमीचे नाव आधी निघते. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असे लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो.

रूप मोजायचे ते छायाचित्रांवरून. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके आणि खालून, असे फोटो आधी व नंतर त्याच अंतरावरून, त्याच उजेडात घेतात. समोरच्या फोटोत भुवयांचा मध्य, नाक सर्वांत जास्त वळते ती जागा आणि शेंडा जोडून कोन काढतात. सरळ नाकात तो १८० अंश भरतो. नाक दोनदा वळलेले असेल तर हा एकच कोन फसवतो, कारण दोन वळणे एकमेकांना झाकतात.

रूपाची नोंद ठेवण्याची परंपरा मराठी मुलखाला जुनी आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले गेले. त्याचे नंतर काढलेले चित्र १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आले. नाक कसे दिसत होते ते त्यात दिसते. त्यातून श्वास कसा जात होता, ते चित्र सांगू शकत नाही.

श्वासासाठी यंत्रे आहेत. ऱ्हायनोमॅनोमेट्रीत ठरावीक दाबाला, सहसा १५० पास्कलला, किती हवा वाहते ते पाहतात. पण यंत्राचा आकडा आणि रुग्णाचे समाधान यांचा मेळ अनेकदा बसत नाही, म्हणून रुग्णालाच विचारणाऱ्या प्रश्नावल्या आल्या. २००४ च्या ‘नोज’ प्रश्नावलीत मागील महिन्याबद्दल पाच प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला ५ ने गुणून ० ते १०० चा आकडा. जितका मोठा, तितका त्रास जास्त. रूपाबद्दल ती काहीच विचारत नाही. २०१८ च्या ‘श्नॉस’मध्ये दहा प्रश्न आहेत, चार श्वासाचे आणि सहा दिसण्याचे.

सीमाभागात खरी कसोटी भाषेची. ‘नोज’चा पहिला प्रश्न नाक जड, भरल्यासारखे वाटण्याबद्दल आहे, दुसरा ते बंद असण्याबद्दल. मराठीत दोन्हीकडे ‘नाक चोंदणे’ लिहिले तर प्रश्न एकच होतो, आणि खानापूरकडचा माणूस सरळ म्हणतो, “आत्ताच की सांगितलो.” पाचातला एक प्रश्न तिथेच वाया जातो. पहिल्याला ‘भरल्यागत वाटतंय काय’ आणि दुसऱ्याला ‘वाराच आत जात नाही काय’ असे विचारले तर उत्तरे वेगळी येतात. घरी मराठी, शाळेत कन्नड शिकलेल्याला कोणता कागद द्यायचा हेही आधीच ठरवायला हवे, आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्याच भाषेतला द्यायला हवा.

ऋतूचेही तेच. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्याचे नाक धुळीनेही चोंदते. हंगामात घेतलेला आधीचा आकडा आणि हंगाम संपल्यावरचा नंतरचा आकडा यांतला फरक सगळा शस्त्रक्रियेच्या खात्यावर टाकणे चुकीचे आहे.

पट्टी निघाल्या दिवशीचा आनंद हे मोजमाप नव्हे. सूज, विशेषतः शेंड्याची, पुरती उतरायला वर्ष लागते, आणि कूर्चा, म्हणजे नाकातला हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग, हळूहळू जुन्या वळणाकडे परत ओढ घेते. त्यामुळे बारा महिन्यांनंतरची तपासणी सर्वांत मोलाची असते, आणि नेमकी तीच चुकते. नाक बरे वाटत असेल तर भातलावणी टाकून बेळगावला कोण येणार? ज्यांना त्रास उरला तेच परत येतात, किंवा फारच खूश असलेले. मधले सगळे हिशेबाबाहेर राहतात. त्यांना फोन करून तेच पाच प्रश्न त्यांच्या बोलीत विचारणे, हा खर्च न वाढवता करता येण्यासारखा उपाय आहे.