‘कुमारी’: वयाचा शब्द लग्नाला कसा चिकटला

ललिता पंचमीला कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. रुसून पाठ फिरवलेल्या टेंबलाईची समजूत काढायला, अशी कथा. तिथं कोहळा फोडायचा मान गुरव घराण्यातल्या कुमारिकेचा. फोडल्यावर तुकड्यांसाठी झुंबड उडते. ही कुमारिका म्हणजे लहान पोर. तिच्या लग्नाचा विचार गर्दीतल्या कुणाच्या मनातही येत नाही.

शब्दाचा जुना अर्थ तोच. पाणिनीच्या ‘वयसि प्रथमे’ या सूत्रानं ‘कुमारी’ हे रूप साधतात: पहिल्या वयातली. पण पतंजलीच्या महाभाष्यात ‘वृद्धकुमारी’ भेटतेच. इंद्र तिला म्हणाला, वर माग. ती म्हणाली, माझ्या मुलांना काशाच्या ताटात भरपूर दूधतूप घातलेला भात जेवायला मिळो. नवऱ्याचा पत्ता नाही, आणि एका वाक्यात नवरा, मुलं, गाई, धान्य सगळं पदरात! बाई हुशारच. म्हणजे वय उलटलं तरी बिनलग्नाची ती कुमारी, ही ओढाताण दोन हजार वर्षांपूर्वीची.

पुढं ‘अष्टवर्षा भवेद्गौरी’चा हिशोब आला, दहाव्या वर्षी मुलगी ‘कन्या’ झाली. लग्नंच इतक्या लवकर उरकत, की वय आणि अविवाहितपण वेगळं सांगायची गरज पडेना. जी मागं राहिली ती घोडनवरी. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीचं किमान वय 14 केलं, 1978 मध्ये ते 18 झालं. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि शाळेच्या हजेरीपटावरचं ‘कु.’ त्यांच्या मागोमाग पगारपत्रकावर गेलं.

लग्नपत्रिकेत ‘कु.’ची ‘चि. सौ. कां.’ होते, अक्षता पडल्या की ‘सौ.’. नवरदेव ‘चि.’चा ‘श्री.’ होतो, पण ‘श्री.’वरून लग्न झालंय की नाही ते कळत नाही. बाईसाठी तसा शब्द ‘श्रीमती’. कोशाप्रमाणं तो कुणालाही चालावा, पण आपल्याकडं तो ऐकला की लोक हळूच विचारतात, “मालक कधी गेले?”

माझ्या आत्यानं लग्न केलं नाही. साठीला आली तेव्हा वाटण्यासाठी स्टीलचे डबे घ्यायला आम्ही गेलो. नाव घालणाऱ्या पोरानं मशीन हातात घेऊन विचारलं, “मावशी, सौ. घालू का श्रीमती?”

“कु.,” मी म्हणालो. पोरगं आत्याच्या पांढऱ्या केसांकडं बघत राहिलं.

आत्या म्हणाली, “अक्षरावर पैसे घेतोस न्हवं? मग नुसतं नाव घाल.”