शनीकडे जायचे तर चक्रवाढीने जावे

गेल्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काळोखात ठिपक्याएवढा शनी हळूहळू मोठा होतो, कॅमेरा कड्यांवरून तरंगत जातो आणि ग्रहाला वळसा घालून त्याच्या रात्रीच्या बाजूला पोचतो. खाली लिहिले होते, ‘यानाने केलेले खरे चित्रीकरण’. ते तसे नव्हते. कॅसिनी यान २००४ पासून २०१७ पर्यंत शनीभोवती फिरत होते, पण त्याने पाठवली ती स्थिर छायाचित्रे. ती ओळीने जोडून हलते दृश्य करता येते, मात्र इतका सलग प्रवास त्यातून मिळत नाही. हा व्हिडिओ संगणकावर रचलेला होता. म्हणून त्याचे मोल मला कमी वाटत नाही. उलट, तो इतका सुरळीत कसा झाला हे कळले की तो जास्त आवडू लागतो.

असा प्रवास घरच्या संगणकावर रचता येतो. ख्रिस लॉरेल यांनी २००१ मध्ये आणलेला सेलेस्टिया हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी उत्तम आहे. त्यात स्क्रिप्ट लिहायची: अमक्या ग्रहाकडे जा, इतक्या सेकंदांत जा, मग त्याला प्रदक्षिणा घाल. स्क्रिप्ट लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली, तर क्षणाक्षणाला कॅमेरा कुठे असावा हे आपणच ठरवू शकतो. आणि इथेच पहिल्या प्रयत्नात सगळ्यांची फजिती होते.

समजा, कॅमेरा शनीच्या ढगांपासून १० लाख किमी उंचीवर आहे. १० सेकंदांत त्याला १,००० किमी उंचीवर आणायचे आहे. सरळ विचार केला तर दर सेकंदाला सुमारे १ लाख किमी अंतर कापायचे. करून बघा. सुरुवातीला शनी दृष्टीचा साधारण साडेसहा अंशांचा भाग व्यापतो. पाच सेकंदांनी, म्हणजे अर्धी वेळ सरल्यावर, फक्त बारा अंश. नवव्या सेकंदाला चव्वेचाळीस. आणि उरलेल्या एका सेकंदात चव्वेचाळीसवरून थेट एकशे एकोणसाठ! नऊ सेकंद काहीच घडत नाही आणि मग ग्रह अंगावर कोसळतो.

गोम अशी की डोळ्याला किलोमीटर कळत नाहीत. वस्तू किती पट जवळ आली, एवढेच त्याला कळते. १० लाखांचे ९ लाख झाले तर जेमतेम जाणवते, पण १ लाखाचे १ हजार झाले तर उंची शंभरावा हिस्सा उरते. दोन्ही वेळा कापलेले अंतर जवळपास सारखेच आहे. शाळेतले सरळव्याज आणि चक्रवाढव्याज आठवा. त्यातच घसाऱ्याचे गणित होते: यंत्राची किंमत दरवर्षी ठराविक रुपयांनी कमी न होता ठराविक टक्क्यांनी कमी होते. कॅमेऱ्याच्या उंचीलाही तसाच घसारा लावायचा. दर सेकंदाला उंची निम्मी करा: १० लाख, ५ लाख, अडीच लाख, सव्वा लाख. दोनाने दहा वेळा भागणे म्हणजे १,०२४ ने भागणे, त्यामुळे दहाव्या सेकंदाला आपण जवळजवळ १,००० किमीवर येतो. शनी आता पहिल्या सेकंदाला बारा अंश, मग बावीस, अडतीस, एकोणसाठ, ब्याऐंशी असा वाढत जातो. कुठेही धक्का नाही.

यात एक बारीक फसगत आहे. घसारा लावायचा तो ढगांपासूनच्या उंचीला, ग्रहाच्या केंद्रापासूनच्या अंतराला नव्हे. शनीची विषुववृत्तीय त्रिज्या ६०,२६८ किमी. केंद्रापासून मोजले तर नवव्या सेकंदाला आपण ढगांच्या वर सुमारे २१,००० किमी असतो आणि शेवटच्या सेकंदात १,००० वर आदळतो. तोच जुना धक्का परत! सेलेस्टियाची अंतर बदलण्याची आज्ञा हे आधीच सांभाळते: अंतरातून त्रिज्या वजा करते आणि उरलेल्यावर लॉगरिथम लावते. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मनापासून दाद दिली.

पण निम्मे करत गेले तरी प्रवासाच्या दोन टोकांना हिसका राहतोच. दहाव्या सेकंदाला वेग सेकंदाला जवळपास ७०० किमी असतो आणि तिथे कॅमेरा एकदम थांबतो. म्हणून घसाऱ्याच्या घातांकालाच, म्हणजे किती वेळा भागायचे त्या आकड्यालाच, हळू सुरू होऊन हळू थांबायला लावायचे. सरलेल्या वेळेचा अंश ‘क’ मानला, तर ‘क’ ऐवजी ३क² − २क³ वापरायचे. क शून्य असताना हे शून्य, क एक असताना एक, आणि दोन्ही टोकांना वाढीचा दर शून्य. मग उंची = १०,००,००० ÷ १,००० चा (३क² − २क³) वा घात. मला सगळ्या स्क्रिप्टमधली ही ओळ सर्वांत देखणी वाटते.

आता वळसा. दिवसाच्या बाजूचा एक बिंदू आणि रात्रीच्या बाजूचा बरोबर समोरचा बिंदू सरळ रेषेने जोडले, तर मध्यावर कॅमेरा शनीच्या पोटात असतो. म्हणून अंतर आणि कोन वेगवेगळे हाताळावे लागतात. कॅमेऱ्याचे तोंड वळवण्यासाठी चतुष्टय वापरतात, म्हणजे चार अंकांचा एक गट. आयरिश गणिती हॅमिल्टनला ही कल्पना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचली. चतुष्टये चार मितींच्या गोलावरचे बिंदू मानली की एका दिशेकडून दुसरीकडे जाण्याचा नितळ मार्ग म्हणजे त्या गोलावरचे बृहद्वृत्त, म्हणजे गोलाचे दोन सारखे भाग करणारे वर्तुळ. केन शूमेक यांनी १९८५ मध्ये ही रीत संगणक-चित्रणात आणली. एक काळजी घ्यायची: चतुष्टय आणि त्याचे ऋण रूप एकच दिशा दाखवतात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या चतुष्टयांचा बिंदुगुणाकार (जुळणाऱ्या अंकांच्या गुणाकारांची बेरीज) ऋण आला आणि एकाचे चिन्ह बदलायला विसरलात, तर कॅमेरा लांबच्या वाटेने गिरकी घेतो.

शनी स्वतःही सेकंदाला ९.७ किमी वेगाने चालला आहे, तेव्हा कॅमेरा त्याच्या सोबत बांधायलाच हवा. या गतीने सूर्याभोवतीच्या एका फेरीला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यांना बारा राशींनी भागले की एका राशीला साधारण अडीच वर्षे, आणि तीन राशींना साडेसात. साडेसातीचा आकडा येतो तो इथून. स्क्रिप्टमध्ये काळाचा वेग वाढवून हा भागाकार डोळ्यांनी पाहता येतो. कुणाच्या नोकरीशी किंवा लग्नाशी या भागाकाराचे काही देणेघेणे नाही. भीती घालून शांतीचे पैसे घेणाऱ्यांना हे दाखवावे.

वळसा पूर्ण झाला की समोर येते ती शनीची कोर. पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीतून ती दिसत नाही. शनी इतका दूर आहे की आपण त्याच्याकडे नेहमी जवळजवळ सूर्याच्याच बाजूने पाहतो. व्हॉयेजर-१ यानाने शनीला ओलांडल्यावर चार दिवसांनी, १६ नोव्हेंबर १९८० रोजी मागे वळून ती कोर टिपली. ग्रहाची सावली कड्यांवर पडलेली, आणि कड्यांमधून शनीची उजळ कड आरपार दिसते आहे. स्क्रिप्टमध्ये मी कॅमेरा इथे वीस सेकंद तसाच ठेवतो.