पेंड वाढवली की दूध वाढतं? थांबा जरा
आमच्या वाळवा-कराड पट्ट्यात कुणाची म्हैस दुधाला कमी आली की पहिला सल्ला ठरलेला, "अजून किलोभर पेंड टाक की!" वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि अर्धंच खरं आहे.

पेंडेतलं प्रोटीन म्हणजे नायट्रोजन, 100 ग्रॅम प्रोटीनमध्ये साधारण 16 ग्रॅम. शेंगदाणा पेंडेत प्रोटीन 40 टक्क्यांच्या आसपास, पण ते पोटात लवकर फुटतं, त्याचा अमोनिया होतो, आणि त्या अमोनियापासून पोटातले जंतू स्वतःचं प्रोटीन बनवतात, जे पुढं जनावराला मिळतं. पण जंतूंना त्यासाठी ताकद लागते, म्हणजे मका भरडा, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) असलं काहीतरी. ते नसलं की उरलेला अमोनिया रक्तात जातो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो मुतावाटे बाहेर! म्हणजे महागडी पेंड सरळ गटारीत. गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरतात ना, तो बऱ्याचदा त्याच युरियाचा अमोनिया असतो.

चांगल्या गाईच्या खाण्यातला सुद्धा साधारण पाव नायट्रोजनच दुधात उतरतो, बाकी बहुतेक शेण-मुतात.

आता नुसत्या उसाच्या वाढ्यावर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) असलेल्या जनावराला पेंड दिली की दूध वाढतंच, कारण वाढ्यात प्रोटीन फारच कमी, म्हणून तर हा समज पक्का झाला. तूट भरून निघाली की मात्र पुढची पाटी वाया, सरकी पेंडेचीसुद्धा. तेवढ्या पैशात मका भरडा आणा की.