पेती की ग्रां? व्हांदेच्या दोन केसाळ हाउंडमधला फरक

विस्कटलेली दाढी, डोळ्यांवर आलेल्या भुवया, लोंबते कान, लांब अंग आणि आखूड पाय. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हांदे भागातली ही दोन शिकारी कुत्री फोटोत ओळखताना भल्याभल्यांची गफलत होते. एक पेती बासे ग्रिफाँ व्हांदेआँ, दुसरं ग्रां बासे ग्रिफाँ व्हांदेआँ. पुढे आपण त्यांना पेती आणि ग्रां एवढंच म्हणू.

गोंधळाला कारणही तसंच आहे. १९७० च्या दशकापर्यंत दोघांचा संकर चालत असे. एकाच वेतातल्या पिल्लांपैकी बुटकं राहिलेलं पेती म्हणून नोंदलं जाई, उंच झालेलं ग्रां म्हणून. संकर बंद झाल्यावर दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. उंची मात्र अजूनही फसवते. आंतरराष्ट्रीय मानकात पेतीची खांद्यापाशी उंची ३४ ते ३८ सेंटिमीटर, ग्रां नराची ४० ते ४४ आणि मादीची ३९ ते ४३. त्यात एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. म्हणजे उंच पेती आणि बुटकी ग्रां मादी मोजपट्टीवर एकाच रेघेला येऊ शकतात.

म्हणून आधी डोकं पाहावं. ग्रांचं तोंड लांब असतं आणि कान पुढे ओढले तर निदान नाकाच्या टोकापर्यंत पोचतात. पेतीचं तोंड आखूड, कानही त्याच्या पुढे जात नाहीत. मग पाय: पेतीच्या पुढच्या पायांना किंचित बाक चालतो, ग्रांचे सरळच हवेत. ग्रांची शेपटीही लांब. पेती म्हणजे आकसलेला ग्रां नव्हे, त्याची सगळी मापंच निराळी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की उंची मोजायची गरज फारशी पडत नाही.

हा फरक आला कामातून. व्हांदेत शेताशेतांमधून काटेरी कुंपणं आणि दाट झुडपं. त्यात घुसून ससा उठवायचा हे पेतीचं काम. तो चपळ, उतावळा, सतत काहीतरी हुंगणारा. ग्रां मोठ्या रानसशापासून रानडुकरापर्यंत माग काढत मैलोन्‌मैल जातो. त्याची चाल संथ पण दमदार. मराठवाड्यातला करवानी हा शिकारी कुत्रा नजरेवर धावतो, सावज दिसेनासं झालं की थांबतो. या दोघांचं उलट आहे: समोर काही नसलं तरी जमिनीवरचा वास त्यांना पुढे नेत राहतो. त्यामुळे हाक मारल्यावर येतील या भरवशावर दोघांनाही उघड्यावर सोडू नये. बाहेर पट्टा हवाच, आणि अंगण असेल तर कुंपण पक्कं हवं, खालून उकरता येणार नाही असं. ओरडणं लांब हेल काढून, दूरच्या शिकाऱ्याला ऐकू जावं असं. सोसायटीत ठेवायचं तर हा विचार आधी करावा.

प्रसिद्धी पेतीच्या वाट्याला आली. २०१३ मध्ये ब्रिटनमधलं क्रफ्ट्स आणि २०२३ मध्ये अमेरिकेतलं वेस्टमिन्स्टर, कुत्र्यांच्या या दोन्ही मोठ्या प्रदर्शनांत पेती सर्वोत्तम ठरला. ग्रांला अमेरिकन केनेल क्लबची पूर्ण मान्यता मिळायला २०१८ उजाडलं. मला हे ग्रांवर अन्याय करणारं वाटतं; चालायची आवड असलेल्या घरात तो जास्त शांत सोबती ठरतो.

केसांची निगा दोघांची सारखीच. वरचे केस राठ, आत दाट मऊ लव. आठवड्याला नीट विंचरावं आणि मेलेले राठ केस चिमटीने उपटून काढावेत. मशीन फिरवली की केस मऊ पडतात आणि काट्यांपासूनचं त्यांचं संरक्षणच जातं. कानांकडे फार लक्ष द्यावं लागतं. लोंबत्या, केसाळ कानात हवा खेळत नाही; आपल्या पावसाळी दमट हवेत तिथे बुरशीचा संसर्ग लवकर होतो. दर आठवड्याला कान उचलून वास घ्यावा. आंबूस वास आला किंवा कुत्रं मान झटकू लागलं तर घरगुती तेलं घालत न बसता डॉक्टर गाठावा. पावसाळ्यानंतर माळावर फिरवून आणलं की बोटांच्या बेचक्यात आणि कानात कुसळं अडकली आहेत का, गोचिड लागलेत का, हे रोज चाचपावं. इतक्या केसांत ते दिसत नाहीत, बोटांनाच लागतात. उन्हाळ्यात फिरणं पहाटे आणि रात्री.

आजारांत पेतीबद्दल एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे: आनुवंशिक काचबिंदू. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तर तो होतो, डोळ्यातला दाब हळूहळू वाढतो आणि शेवटी दृष्टी जाते. जनुकाची चाचणी उपलब्ध आहे. म्हणून पेतीचं पिल्लू घेताना आईबापांच्या चाचणीचे कागद मागावेत. ते दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी तिथून घेऊ नये.